एका छळकाळाचे दोन कवी

21 फेब्रुवारी 1595 रोजी लंडनच्या वेशीबाहेर टायबर्न येथे रॉबर्ट साउथवेल ह्या येशूसंघीय धर्मगुरूला फासावर चढविण्यात आले. त्याचे वय त्या वेळी सुमारे 33 वर्षांचे होते. त्याने कोणाचा घात केला नव्हता, की राणीविरुद्ध शस्त्र उचलले नव्हते. परदेशात गुरुदीक्षा घेऊन मायदेशी परतणे एवढाच त्याचा अपराध होता. त्याच वर्षी त्याच्या कवितांचे पुस्तक लंडनच्या बाजारात आले. पुस्तकावर कवीचे नाव नव्हते, आणि उघडपणे कॅथोलिक वाटतील अशा काही कविता प्रकाशकांनी वगळल्या होत्या. तरीही पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. ज्या शहराने कवीला मारले, त्याच शहराने त्याची कविता विकत घेऊन वाचली.

त्याच शहरात, ह्या फाशीच्या दोन वर्षे आधी, कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा धाकटा भाऊ न्यूगेटच्या तुरुंगात मरण पावला होता. हेन्री डन हे त्याचे नाव. 1593 साली त्याच्या खोलीत विल्यम हॅरिंग्टन नावाचा धर्मगुरू सापडला, म्हणून दोघांनाही धरण्यात आले. तुरुंगात प्लेगची साथ होती, आणि खटल्याआधीच हेन्री गेला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत हॅरिंग्टनला टायबर्नलाच हालहाल करून मारण्यात आले. मागे राहिलेला थोरला भाऊ म्हणजे जॉन डन, इंग्रजी भाषेतील अत्यंत श्रेष्ठ अशा धार्मिक कवींपैकी एक. ह्या जॉन डनने पुढे कॅथोलिक ख्रिस्तसभा सोडली, अँग्लिकन चर्चची दीक्षा घेतली आणि तो लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा डीन झाला.

आमच्या विद्यार्थिदशेत इंग्रजीच्या वर्गात डन आम्हांला भेटला. मृत्यूला उद्देशून त्याने लिहिलेले सुनीत आम्ही पाठ केले, ‘मेटाफिजिकल’ ह्या शब्दाची व्याख्या घोकली आणि परीक्षेत बऱ्यापैकी गुणही मिळविले. ह्या कवीचा भाऊ धर्मगुरूला आसरा दिल्याच्या आरोपाखाली तुरुंगात मेला, हे मात्र आम्हांला तेथे कोणी सांगितले नाही. साउथवेलचे नाव तर त्या वर्गात निघालेच नाही. ते आम्ही ऐकले सेमिनरीत, रक्तसाक्ष्यांच्या यादीत. आणि तेथे डनचे नाव नव्हते. अशा रीतीने एकाच छळकाळातून निघालेले हे दोन कवी आमच्या मनात कित्येक वर्षे दोन वेगळ्या कपाटांत पडून होते. त्यांना एका मेजावर आणून वाचावे, हा ह्या लेखाचा हेतू आहे.

एक खुलासा आधीच करतो. कवींचा उल्लेख मराठीत एकवचनी करण्याची रीत आहे. संतपदी पोचलेल्या साउथवेललाही येथे आम्ही तीच लावतो. कारण एकाला ‘ते’ आणि दुसऱ्याला ‘तो’ म्हटले की न्यायनिवाडा आधीच झाल्यासारखा होतो.

त्या काळाची कल्पना आल्याखेरीज ह्या कविता नीट कळत नाहीत. राणी एलिझाबेथ गादीवर आल्यानंतर 1559 च्या कायद्याने रविवारी सरकारमान्य चर्चमध्ये हजर राहणे प्रत्येक प्रजाजनाला सक्तीचे झाले. गैरहजेरीचा दंड आरंभी 12 पेन्स होता. 1570 साली पोप पाचवे पायस यांनी राणीला बहिष्कृत केले आणि तिच्या प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळे केले. ह्या आज्ञापत्राने इंग्लंडमधील कॅथोलिकांचे भले झाले नाही, असे आम्हांला वाटते. प्रत्येक श्रद्धावंताला राजद्रोही म्हणण्यास सरकारला आयते निमित्त मिळाले. 1581 साली दंड दरमहा 20 पौंडांवर गेला. जमीनजुमला असलेली घराणीसुद्धा त्याने धुळीस मिळाली. 1585 साली कायदा झाला की, 1559 नंतर परदेशात गुरुदीक्षा घेतलेला इंग्रज धर्मगुरू देशात सापडला तर तो राजद्रोह, आणि त्याला घरात थारा देणाऱ्यालाही देहान्ताची शिक्षा.

लोकांनी मग काय केले? काहींनी दंड भरला, काही तुरुंगात गेले. पुष्कळांनी मधली वाट धरली. घरचा कर्ता पुरुष रविवारी चर्चमध्ये हजेरी लावून येई, त्याची पत्नी घरी जपमाळ करी, आणि एखादा धर्मगुरू रात्री लपून आला की सारे कुटुंब मिस्साला बसे. ह्या माणसांना भित्रे म्हणणे सोपे आहे. वाचकांनी आपल्या घरादाराचा, मुलाबाळांचा विचार करून मगच तो शब्द उच्चारावा.

ह्याच इंग्लंडातून आपल्या परिचयाचा आणखी एक कवी बाहेर पडला होता. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1575 साली रोममध्ये येशूसंघात प्रवेश केला, 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून गलबत पकडले आणि 24 ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. ज्या मित्रासोबत ते इंग्लंड सोडणार होते, तो थॉमस पाउंड पकडला गेला आणि त्याची सुमारे 30 वर्षे एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात गेली. साउथवेल 1578 साली त्याच रोममध्ये त्याच संघात दाखल झाला. एक पूर्वेला गेला आणि सासष्टीत राहून मराठीत ओव्या रचू लागला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली राचोलला छापले गेले. दुसरा माघारी फिरला. पवित्र मरियेची स्तुती लंडनमध्ये लपवून छापावी लागे, त्या दिवसांत एक इंग्रज ती आपल्या भाषेत उजळ माथ्याने गात होता. मात्र त्याच गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते, हेही लिहून ठेवणे आम्हांला भाग आहे. इंग्लंडातील छळाची कथा सांगताना गोव्याकडे पाठ करून बसणे शोभणार नाही.

आता साउथवेलकडे वळू. नॉरफोक परगण्यातील हॉर्शम सेंट फेथ येथे सुमारे 1561 साली त्याचा जन्म झाला. त्याचे आजोबा सर रिचर्ड साउथवेल हे आठव्या हेन्रीच्या पदरी होते, आणि मठ बरखास्त झाले तेव्हा त्या लुटीत ज्यांचे उखळ पांढरे झाले त्यांपैकी ते एक. ज्या वास्तूत साउथवेल घराणे नांदत होते, ती पूर्वी बेनेडिक्टाइन संन्याशांचा मठ होती. कवीचे वडील राजदरबाराशी संबंध राखून होते आणि सरकारी धर्माशी त्यांनी जुळवून घेतले होते. मुलाने किशोरवयातच देश सोडला. 1584 साली रोममध्ये त्याला गुरुदीक्षा मिळाली, आणि 1586 च्या उन्हाळ्यात हेन्री गार्नेट ह्या दुसऱ्या येशूसंघीयासोबत तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर गुपचूप उतरला. नव्या कायद्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. आपण कशासाठी येत आहोत हे त्या दोघांना पुरते ठाऊक होते.

पुढील सहा वर्षे तो लंडनमध्ये व आसपास लपून राहिला. अरुंडेलच्या सरदाराचा, म्हणजे फिलिप हॉवर्डचा, टॉवरमध्ये बंदिवास चालू होता. त्याच्या पत्नीच्या घरी साउथवेलला आसरा मिळाला. बंदिवानाला धीर देण्यासाठी लिहिलेल्या पत्रांतून त्याचा ‘सांत्वनाचे पत्र’ हा ग्रंथ तयार झाला आणि गुप्त छापखान्यात छापला गेला. 1589 साली त्याने स्वतःच्या वडिलांना एक दीर्घ पत्र लिहिले. त्यात तो त्यांना ख्रिस्तसभेच्या ऐक्यात परत येण्याची विनवणी करतो. मुलगा पित्याला उपदेश करतो आहे ह्याचा संकोच त्या पत्रात आहे, आणि वडिलांचे वय होत चालले आहे ह्याची घाईही आहे.

हे पत्र वाचल्यावर त्याची ‘संत पेत्राचा विलाप’ ही दीर्घ कविता वेगळीच दिसू लागते. लुइजी तान्सिलो ह्या इटालियन कवीच्या काव्याचे भाषांतर करता करता साउथवेलने तिला स्वतंत्र रूप दिले. सहा ओळींची 132 कडवी आहेत. प्रभूला नाकारून बाहेर पडलेला पेत्र एकटाच बोलतो. दासीच्या एका प्रश्नापुढे आपण, ज्याला प्रभूने खडक म्हटले तो, कसे ढासळलो ह्याचा तो पुनःपुन्हा विचार करतो. प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिले, त्या डोळ्यांवर कवीने कडव्यांमागून कडवी खर्च केली आहेत. खरे सांगायचे तर काव्य म्हणून ती रचना आम्हांला जड जाते. उपमांवर उपमा रचल्या आहेत, आणि एका आसवाने काम भागले असते तेथे घागरी रित्या केल्या आहेत. प्रथम वाचली तेव्हा आम्ही ती अर्ध्यावर सोडली होती.

पण ती कोण वाचत होते हे लक्षात घ्यावे. रविवारी सरकारी चर्चमध्ये जाऊन बसणारा, मान खाली घालून परतणारा, घरी आल्यावर पत्नीच्या नजरेला नजर न देणारा गृहस्थ ती वाचत होता. त्याला दासीचा प्रश्न दर आठवड्याला विचारला जात होता. साउथवेल त्याला नरकाची भीती घालत नाही. तो त्याला पेत्राच्या शेजारी बसवतो. आणि पेत्र तर पुढे ख्रिस्तसभेचा पहिला मेंढपाळ झाला. धिक्काराऐवजी रडण्याची मुभा देणारी ही कविता आहे. तिचा पहिला वाचक म्हणून कवीच्या डोळ्यांपुढे स्वतःचे वडील असतील काय, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

1592 च्या जूनमध्ये बेलामी कुटुंबाच्या घरी तो पकडला गेला. त्या घरच्याच एका मुलीकडून, तिला आधी कैदेत टाकून, ही बातमी काढून घेण्यात आली होती. रिचर्ड टॉपक्लिफ ह्या क्रूर अधिकाऱ्याने त्याचा अनन्वित छळ केला. आपल्याला दहा वेळा यातना देण्यात आल्या, असे त्याने पुढे न्यायालयात सांगितले. एकाही घराचे वा माणसाचे नाव त्याने दिले नाही. तुरुंगातील त्याची दशा पाहून वडिलांनी राणीकडे अर्ज केल्याचे सांगतात: मुलगा मरणास पात्र असेल तर त्याला मारावे, नसेल तर सद्गृहस्थासारखे वागवावे. त्यानंतर त्याला टॉवरमध्ये हलविण्यात आले, आणि बायबल व संत बर्नार्ड यांचे ग्रंथ एवढे त्याला मिळाले. फाशी होईपर्यंत अडीच वर्षांहून अधिक काळ तो तेथे होता.

डनची कथा तितकीच कॅथोलिक आहे, हे आमच्या वाचकांना कदाचित नवे वाटेल. त्याची आई एलिझाबेथ हेवूड ही संत थॉमस मोर यांच्या बहिणीची पणती-नात नव्हे, तर सख्ख्या नातीची मुलगीही नव्हे. नात्याचा हा गुंता सरळ सांगायचा तर तिची आजी मोर यांची बहीण होती. तिचा भाऊ जॅस्पर हेवूड येशूसंघीय होता आणि काही काळ इंग्लंडमधील येशूसंघाचा प्रमुखही होता. तो टॉवरमध्ये कैद असताना ही बहीण त्याला भेटायला जाई. एकदा तर तिने विल्यम वेस्टन ह्या दुसऱ्या येशूसंघीयाला वेष पालटून आपल्यासोबत आत नेले होते. अशा आईच्या पोटी 1572 साली जॉनचा जन्म झाला. तो लहानपणीच ऑक्सफर्डला गेला, परंतु पदवीसाठी राणीला धर्मप्रमुख मानण्याची शपथ घ्यावी लागे, म्हणून पदवीविना बाहेर पडला. त्यानंतर भावाचा मृत्यू. आपल्या घराण्याने रोमच्या शिकवणीपायी जितके सोसले तितके क्वचितच कोणी सोसले असेल, असे त्याने स्वतः पुढे लिहून ठेवले आहे.

तरुणपणी लिहिलेल्या एका उपहासकाव्यात डनने खऱ्या धर्माचा शोध हाच विषय घेतला आहे. सत्य एका उंच, खडकाळ डोंगरावर उभे आहे आणि तेथे पोचायचे तर सरळ चढता येत नाही, वळसे घेत घेतच जावे लागते, अशी त्यातली प्रतिमा आहे. अमुक राजा म्हणतो किंवा तमुक पोप म्हणतो म्हणून मानलेला धर्म शेवटच्या न्यायाच्या दिवशी उपयोगी पडणार नाही, असा त्याचा रोख आहे. आम्हां धर्मगुरूंना हा युक्तिवाद सुखाचा नाही. पण ज्याच्या घरात दोन्ही बाजूंच्या आज्ञांनी माणसे मेली, त्या तरुणाने तो केला, तर त्याच्यावर रागावता येत नाही.

1601 साली त्याने अॅन मोर हिच्याशी गुपचूप लग्न केले. त्यापायी नोकरी गेली, काही दिवस तुरुंगवास घडला, आणि मग दारिद्र्याची लांबलचक वर्षे सुरू झाली. मुले होत होती, काही मरत होती. 1605 साली दारूगोळ्याचा कट उघडकीस आला. 1606 साली कॅथोलिकांसाठी राजनिष्ठेची नवी शपथ निघाली. 1610 साली डनने ‘खोटा हुतात्मा’ ह्या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. ही शपथ नाकारून जे मरतात ते खरे रक्तसाक्षी नव्हेत, स्वतःच्या हट्टाचे बळी आहेत, हा त्याचा सिद्धान्त. साउथवेलच्या फाशीला तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. पुढच्या वर्षी त्याने संत इग्नाती यांना नरकात बसवून त्यांची टवाळी करणारे दुसरे पुस्तक लिहिले. ही दोन्ही पुस्तके आम्ही वाचली आहेत, आणि त्यांत आम्हांला आनंद झाला नाही. पहिले विद्वत्तापूर्ण आहे, परंतु राजाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने ते लिहिले आहे, हे पानोपानी जाणवते.

आश्चर्य असे की त्याच सुमारास, म्हणजे 1609 ते 1611 ह्या वर्षांत, त्याने ज्यांना ‘पवित्र सुनीते’ म्हणतात त्यांतील बहुतेक रचना केल्या. लुई मार्ट्झ ह्या अभ्यासकाने 1954 साली दाखवून दिले, की ह्या सुनीतांची ठेवण इग्नातीय मननाची आहे. तपसाधनेला बसलेल्या कोणालाही ती ओळखू येईल. आधी प्रसंग डोळ्यांसमोर उभा करायचा: शेवटचा दिवस, तुतारी, थडग्यांतून उठणारी माणसे. मग त्यावर बुद्धीने विचार करायचा. शेवटी ख्रिस्ताशी प्रत्यक्ष बोलायचे, जसा मित्र मित्राशी बोलतो. दिवसा ज्या संताची त्याने टर उडविली, त्याच्याच पद्धतीने हा माणूस रात्री प्रार्थना करीत होता. आईने आणि मामाने लहानपणी जे शिकविले ते गुडघ्यांच्या सवयीत उतरले होते. 1608-09 च्या सुमारास लिहिलेल्या त्याच्या एका लितानीत पवित्र मरियेसाठी स्वतंत्र कडवे आहे, आणि त्याच्या सात सुनीतांच्या एका गुंफणीला तर कॅथोलिक जपमाळेचेच एक जुने नाव आहे.

दोघांचे विषय समोरासमोर ठेवले की फरक लगेच दिसतो. मृत्यू घ्या. साउथवेलच्या लहान कवितांत मरण हे हवेसे आहे. ते लवकर येत नाही हीच त्याची तक्रार. त्याच्यापुढे फाशीचा दोर लोंबकळत होता, म्हणून ही वाणी पोकळ वाटत नाही. डन मृत्यूला आव्हान देतो, त्याचा गर्व उतरवतो, त्याला नशिबाचा आणि राजेलोकांचा गुलाम ठरवतो. शाळकरी वयात आम्हांला तो निर्भयतेचा कळस वाटला होता. आता वाटते, की ज्याला भय नाही तो मृत्यूशी इतक्या मोठ्याने बोलत नाही. दुसऱ्या एका सुनीतात तो स्वतःला शत्रूने बळकावलेल्या नगराची उपमा देतो आणि देवाला वेस फोडून आत येण्याची विनंती करतो. आतून दार उघडणे त्याच्या हाती उरलेले नाही. साउथवेलने असे कधी लिहिले नसते. त्याचे दार उघडेच होते.

किंवा ख्रिस्ताचे दर्शन घ्या. साउथवेलची ‘जळणारे बालक’ ही नाताळची कविता एका पानात मावते. हिवाळ्याच्या रात्री बर्फात कुडकुडत उभ्या असलेल्या माणसाला एकाएकी ऊब जाणवते. वर पाहतो तर आगीने वेढलेले एक बालक हवेत दिसते. ते रडत आहे, पण अश्रूंनी ज्वाळा विझत नाहीत. त्याचे हृदय भट्टी आहे आणि माणसांचे आत्मे त्यात शुद्ध व्हायचे आहेत. बालक दिसेनासे होते आणि मग त्या माणसाला आठवते की आज नाताळ. पेत्राच्या विलापात जे सैल पडले ते येथे घट्ट बांधले गेले आहे. बेन जॉन्सन ह्या नाटककाराने म्हटले होते, की ही एक कविता आपल्या नावावर असती तर आपल्या पुष्कळ कविता आपण खुशाल नष्ट केल्या असत्या. हा जॉन्सनही 1598 साली तुरुंगात कॅथोलिक झाला, बारा वर्षे तसा राहिला आणि मग अँग्लिकन चर्चमध्ये परतला. परतल्यावरच्या पहिल्या कम्युनिअनला त्याने उत्साहाच्या भरात चषकातला सगळा द्राक्षारस पिऊन टाकला, अशी आठवण आहे. माणसे त्या काळी अशी इकडून तिकडे जात होती. रिचर्ड क्रॅशॉचा बाप कॅथोलिकांचा कडवा विरोधक. मुलगा संत तेरेजेवर कविता लिहिता लिहिता कॅथोलिक झाला आणि 1649 साली लोरेटो येथे मरण पावला.

डनची तशीच कविता 1613 च्या शुभ शुक्रवारची. तो घोड्यावर बसून पश्चिमेकडे चालला आहे. ज्या दिवशी आत्म्याने पूर्वेकडे, कालवारीकडे जावे, त्या दिवशी कामधंदा त्याला उलट दिशेने ओढतो आहे. क्रूस त्याच्या पाठीमागे आहे. ते दृश्य पाहावे लागत नाही ह्याचा त्याला जवळजवळ दिलासा वाटतो, कारण देवाला मरताना पाहणे कोणाला सोसेल? पण क्रूसावरून प्रभू आपल्याकडे पाहत आहे हे त्याला ठाऊक आहे. शेवटी तो म्हणतो, मी पाठ फिरविली आहे ती तुझे फटके खाण्यासाठी. माझ्यातला गंज जाळून टाक, तुझी प्रतिमा माझ्यात पुन्हा दिसू लागली की मग मी तोंड वळवीन. त्यानंतर दोन वर्षांनी, 1615 साली, राजा जेम्सच्या आग्रहावरून डनने अँग्लिकन दीक्षा घेतली. पश्चिमेकडचा तो प्रवास केवळ घोड्याचा नव्हता, असे आमचे वाचन आहे. साउथवेलच्या पेत्राकडे प्रभू वळून पाहतो आणि पेत्र रडत बाहेर जातो. डनच्या पाठीवर तीच नजर आहे, पण तो थांबत नाही, घोडा चालतच राहतो. नाकारणाऱ्याच्या मनाचे इतके प्रामाणिक चित्र पेत्राच्या 132 कडव्यांत मिळत नाही.

येथे आम्हांला जी गोष्ट मान्य करावी लागते ती सोपी नाही. ज्याने प्राण दिला त्याची एक कविता अजरामर झाली; जो सोडून गेला त्याच्या अनेक झाल्या. रक्तसाक्षी होण्याने माणूस मोठा कवी होत नाही, आणि फुटलेल्या मनातून देवाशी होणारे बोलणे कधी कधी अधिक खोल जाते. पण पारडे इतक्यावर थांबवू नये. साउथवेलला कवी म्हणून वाढायला वेळच मिळाला नाही. डनला त्याच्यानंतर छत्तीस वर्षे मिळाली. जळणारे बालक लिहिणारा हात आणखी वीस वर्षे चालता, तर काय झाले असते?

डनने पोटासाठी धर्म बदलला, असे पुष्कळ कॅथोलिक लेखकांनी म्हटले आहे. भुकेचा वाटा त्यात होता, हे आम्हीही नाकारत नाही. मात्र केवळ भूक असती तर डीनपद मिळाल्यावर प्रश्न संपला असता. तो संपला नव्हता. त्याचे एक सुनीत हस्तलिखितातच राहिले आणि 1899 साली प्रथम छापले गेले. त्यात तो ख्रिस्ताला विनवतो, की तुझी खरी वधू कोणती ती मला दाखव: पलीकडच्या किनाऱ्यावर नटूनथटून बसलेली, की येथे आणि जर्मनीत फाटक्या वस्त्रांत शोक करणारी? इंग्लंडातल्या त्या चर्चचा हा प्रतिष्ठित धर्मोपदेशक, ख्रिस्तसभा नेमकी कोठे आहे, हे अजून विचारत होता. आमच्या धर्मग्रामांतही गेल्या काही वर्षांत अन्य पंथांत गेलेली माणसे आहेत, आणि कित्येक घरांत जेवणाच्या वेळी त्यांचे नाव निघत नाही. डनच्या घरी काय होत होते, ते पाहण्यासारखे आहे.

त्याची म्हातारी आई अखेरच्या वर्षांत त्याच्यापाशीच राहत होती. सेंट पॉलच्या डीनच्या अधिकृत निवासात, खाली अँग्लिकन धर्मोपदेशकांची ये-जा चालू असताना, जॅस्पर हेवूडची ही बहीण शेवटपर्यंत कॅथोलिक म्हणून जगली. तिचा एक मुलगा न्यूगेटमध्ये धर्मगुरूपायी गेला होता. दुसऱ्याने तसे मरणाऱ्यांना खोटे हुतात्मे ठरविणारे पुस्तक लिहिले होते, आणि तो तिला सांभाळीत होता. जानेवारी 1631 मध्ये ती वारली. पुढच्याच महिन्यात, 25 फेब्रुवारीला, मरणोन्मुख डनने उपवासकाळातले आपले शेवटचे प्रवचन राजापुढे केले. त्याचा शेवट श्रोत्यांना क्रूसावरच्या ख्रिस्तापाशी नेऊन सोडतो. 31 मार्चला तो गेला.

साउथवेलची समाधी नाही. 25 ऑक्टोबर 1970 रोजी पोप सहावे पॉल यांनी इंग्लंड व वेल्सच्या ज्या 40 रक्तसाक्ष्यांना संत म्हणून घोषित केले, त्यांत तो आहे; आणि ज्याच्यासाठी त्याने सांत्वनाची पत्रे लिहिली तो फिलिप हॉवर्डही आहे. डनचा कफन पांघरलेला संगमरवरी पुतळा मात्र सेंट पॉलमध्ये उभा आहे. 1666 च्या आगीत जुने कॅथीड्रल जळाले, त्यातून तो वाचला. त्याखालचा लॅटिन लेख सांगतो, की मावळतीच्या ह्या राखेत असूनही तो त्याच्याकडे पाहत आहे ज्याचे नाव उगवती आहे. हे नाव जखऱ्या संदेष्ट्याच्या जुन्या लॅटिन भाषांतरातले आहे. दर वर्षी 21 डिसेंबरच्या सायंप्रार्थनेत, नाताळला चार दिवस उरले असताना, आम्ही त्याच नावाने प्रभूला हाक मारतो.